नमुन्याचा फाडलेला कोपरा

हैदराबादच्या गिरधारीशेटनं दुबलगुंडीच्या पार्वतीबाईंना फसवलं. मी फसवलं नाही. पार्वतीबाईंनी लहानपणी भरलेलं कापड त्यानं दाखवायला म्हणून नेलं, त्यावरचं त्यांचं नाव कात्रीनं कापलं आणि एका नवाबाच्या मुलीचं काम म्हणून ते आपल्या दुकानात लावलं. कापड त्याच्याकडे माझ्या हातून गेलं होतं. म्हणून दुबलगुंडीत आजही म्हणतात, आळंदच्या बोहारणीनं म्हातारीला बुडवलं. ज्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं ते बरेचसे गेले. आता त्यांच्या सुना म्हणतात.

संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. त्याही लिहिते. पण दिवाळीचा अंक लोक जपून ठेवतात, पाहुण्यारावळ्यांना वाचायला देतात, म्हणून ही गोष्ट आधी सांगून टाकली.

मी बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी. जुनं कापड घ्यायचं आणि भांडं द्यायचं. वाण्याच्या घरची सून पाटी घेऊन दारोदार फिरायलीय म्हणून आळंदमध्ये आमच्या भावकीनं तोंडं वाकडी केली. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्यांपैकी कोणी मूठभर तूर आणून दिली नव्हती. पुढं बाजारात माझं स्वतःचं दुकान झालं तेव्हा त्याच घरच्या बायका येऊन म्हणायच्या, ‘महादेवक्का, घरच्या माणसाला जरा कमी लाव की.’ मी कधी लावलं नाही.

निजामाचं राज्य गेलं होतं, पण हैदराबाद राज्य अजून होतं, त्या वर्षांतली ही हकिकत. बाजारात निजामाचा हाली पैसा चालायचा आणि हिंदुस्थान सरकारचा कलदारही चालायचा. गिऱ्हाईक भाव ठरवताना हालीत ठरवायचं आणि घेताना कलदार मागायचं. भांड्याला भांडं, कापडाला कापड, यात ती भानगड नव्हती. म्हणून मला माझा धंदा आवडायचा.

बाहेरच्यांना वाटतं, बोहारीण म्हणजे चिंध्या गोळा करणारी. बाई गाठोडं सोडते तेव्हा तिची नजर आपल्या डोळ्यांवर असते. आपण कुठल्या कापडावर थांबलो हे तिला कळलं की भाव गेला. म्हणून मी आधी सगळ्यांत टाकाऊ धोतर उचलायची, उजेडात धरायची आणि हळहळायची. ‘अगं माय, याच्यातून तर सूर्य दिसायलाय.’ मग बाकीचं नुसतं हातानं चाचपायची. चांगलं सूत बोटाला कळतं. जरीकाठ असेल तर एक तार ओढून दिव्यावर धरायची. खरी असेल तर चांदीचा बारीक मणी राहतो, खोटी असेल तर काजळी. भरतकाम असेल तर उलटं करून बघायचं. पुढून सगळेच छान दिसतात. मागच्या बाजूला गाठी आणि लोंबते दोरे असले की समजायचं, बाई घाईची आहे.

गिऱ्हाइकंही कमी नव्हती. बीदरला एका पडत्या देवडीतल्या, म्हणजे जुन्या हवेलीतल्या, बीबी पडद्यामागून सौदा करायच्या. त्यांचा आवाज परक्यानं ऐकायचा नाही, म्हणून मध्ये एक म्हातारी मोलकरीण. बीबी पडद्याआड पुटपुटायच्या आणि मोलकरीण मला ओरडून सांगायची. एकदा किमखाबाच्या शेरवानीवर आमचं जुंपलं. मी म्हटलं, ‘बीबीला सांग, याला कसर लागलीय.’ मोलकरीण काही बोलायच्या आत पडद्यामागून खणखणीत आवाज आला, ‘कसर तुझ्या डोळ्याला लागलीय!’ मग त्यांनाच हसू आलं. त्या दिवसापासून मोलकरणीची सुट्टी झाली. बीबी मला समोरासमोर लुबाडायला लागल्या.

आमच्या भागात एक चाल होती. बोहारणीला कापड देण्याआधी घरची बाई त्याचा एक कोपरा फाडून ठेवायची. अख्खं वस्त्र उंबऱ्याबाहेर गेलं तर घराची बरकत त्याच्यामागं जाते, असं मानायचे. शेतकऱ्याच्या घरात हेच, वाण्याच्या घरात हेच आणि देवडीतल्या बीबीही हेच करायच्या. सुरुवातीला मला याचा राग यायचा. चांगल्या पातळाचा जरीचा कोपरा गेला म्हणजे नुकसान माझं. मी म्हणायची, ‘फाडा, पण काठ सोडून फाडा.’ बायका हटकून काठावरच हात घालायच्या.

पण पोलीस अॅक्शननंतर त्याच कोपऱ्यानं मला वाचवलं. गावोगाव घरं लुटली गेली होती. कुणाची कुणी लुटली ते आता उकरत नाही. माणसं गेली, पेट्या राहिल्या आणि पेट्यांतली कापडं बाजारात यायला लागली. एके दिवशी हुमनाबादच्या रस्त्याला एका घरातून एक माणूस गाठोडं घेऊन बाहेर आला. आत लग्नातली कापडं, अजून अत्तराचा वास येत होता. सगळ्यांचे चारी कोपरे शाबूत.

मी विचारलं, ‘कोपरा कामून फाडला न्हाई?’

‘कशाचा कोपरा? भांडी दे अन् जा.’

‘घरच्या बाईला बोलव. तिनं फाडला म्हंजी घेते.’

‘बाई न्हाई घरात.’

‘मग हे घर तुझं न्हाई.’

त्यानं मला नको ते शब्द वापरले. मी पाटीतलं पितळी झाकण त्याला फेकून मारलं. त्याला पोचा आला का माहीत नाही, झाकणाला आला. ते झाकण मी पुढं विकलं नाही, घरी वापरलं. तेव्हापासून माझा नियम झाला: ज्या कापडाचा कोपरा घरच्या बाईनं माझ्यासमोर फाडला नाही, ते मी घ्यायचं नाही. आळंद, हुमनाबाद, बीदरपर्यंत माझा हा नियम माहीत होता. महादेवक्कानं घेतलं म्हणजे माल साफ आहे, असं व्यापारी म्हणायचे. मी हे नाव फुकट कमावलेलं नाही, म्हणून ते कोणी घाण केलं की मला सहन होत नाही.

आता गिरधारीशेट. जहागिऱ्या गेल्या, देवड्या रिकाम्या व्हायला लागल्या आणि हैदराबादचे व्यापारी बीदरला यायला लागले. कोणी हंड्या-झुंबरं न्यायचं, कोणी बिदरीचे हुक्के. गिरधारीशेट सगळंच न्यायचा. गोरा, गोल, पान खाऊन गोड बोलणारा. एकदा बीदरच्या बसअड्ड्यावर माझं गाठोडं सुटलं. एका पातळाला मी एक जुनं दोसुती कापड गुंडाळलं होतं. शेटनं पातळाकडे पाहिलंही नाही, त्या कापडावर हात ठेवला.

‘अक्का, ये क्या है?’

‘नमुना हाय. पोरीबाळींनी भरलेला.’

आजच्या मुलींना नमुना माहीत नसेल. पोरगी सात-आठ वर्षांची झाली की तिला एक दोसुतीचा तुकडा मिळायचा. वरून सुरुवात करायची. पहिल्या ओळीला धावदोरा, मग साखळी, मग फुली. हात बसला की वेली, फुलं, पाखरं. चुकलं तर उसवायचं आणि त्याच जागी पुन्हा भरायचं, म्हणून नीट बघितलं तर पोरगी कुठं अडली, कुठं रडली ते कापडावर भोकांत दिसतं. तो पुरा झाला की पोरीला भरता येतं असं समजायचं. लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांना दाखवायचा. लग्न झालं की त्याचं काम संपलं. मग कोणी त्यात देव गुंडाळायचं, कोणी भाकरी. माझ्याकडे असे बरेच आले होते. मी त्यांच्यापोटी वेगळं भांडंसुद्धा देत नव्हते, गाठोड्यावर वरकड म्हणून घेत होते.

शेटनं त्या एका कापडाचे कलदार दिले. मी चेहरा हलू दिला नाही. मनात म्हटलं, महादेवी, इतकी वर्षं तू सोन्यात भाकऱ्या बांधल्यास.

मग मी नमुने शोधत फिरायला लागले. त्यात दुबलगुंडीच्या पार्वतीबाई सापडल्या.

घर साध्या शेतकऱ्याचं. सून रत्ना अंगणात ज्वारी पाखडत होती. पार्वतीबाई ओट्यावर बसल्या होत्या, साठीच्या पुढं, ताठ. मी नमुना म्हणताच रत्ना हसली.

‘आत्याकडं हाय की एक. उशाला घेऊन निजत्यात.’

‘तुझ्या बापाचं काय जायलाय?’ म्हातारी म्हणाली. पण उठून आत गेली आणि घेऊन आली.

मी हजारो कापडं हाताळली आहेत. ते कापड उलटं केलं आणि पुन्हा सुलटं केलं. मला दोन्ही बाजू ओळखता येईनात. मागं एक गाठ नव्हती, एक दोरा लोंबत नव्हता. वर सुरईची आणि सुरूच्या झाडांची ओळ, मध्ये तुळशीवृंदावन, पाळणा, उजव्या वरच्या कोपऱ्यात हिरवा पोपट. आणि सगळ्यांत खाली, लाल दोऱ्यानं, बाळबोध अक्षरांत एक नाव: कृष्णा.

‘कृष्णा कोण, माय?’

‘मीच की.’

‘तुमचं नाव तर पार्वती.’

‘ते लगीन झाल्यावरचं. माहेरी किसनाच होते.’

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील एका जहागीरदाराच्या शेतावर होते. जहागीरदाराच्या मुलीला भरतकाम शिकवायला एक उस्तानीबी यायच्या. मुलगी एकटी बसेना, म्हणून शेतकऱ्याच्या पोरीला सोबतीला बसवलं. मुलीचं मन लागलं नाही, सोबतीच्या पोरीचं लागलं. सुरई आणि सुरू उस्तानीबींचे, तुळस आणि पाळणा आईकडून शिकलेले. शेवटी उस्तानीबी म्हणाल्या, खाली नाव भर. पोरीला अक्षर येत नव्हतं. उस्तानीबींना उर्दू येत होती, मराठी नाही. त्यांनी देवडीतल्या कारकुनाकडून कोळशानं नाव लिहून आणलं आणि पोरीनं त्यावरून सुई चालवली.

‘तेवढंच लिवलं मी जन्मात,’ पार्वतीबाई म्हणाल्या. ‘अन् त्या नावानं मला हाका मारणारं आता कुणीबी न्हाई.’

मी विचारलं, ‘माय, काय घेणार याचं?’ तांब्याचा हंडा पुढं केला. त्यांनी मान हलवली. हंड्यावर कळशी ठेवली.

रत्ना म्हणाली, ‘आत्या, घ्या की! एवढी भांडी माझ्या लग्नातबी न्हवती.’

‘तुला घालते त्या पाटीत,’ म्हातारी म्हणाली, ‘अन् हंडा घेते.’

मी भांडी परत पाटीत ठेवली. सौद्यात कुठं थांबायचं ते मला कळतं. पण शेटला मी पार्वतीबाईंचं नाव-गाव सांगितलं, कारण असा नमुना पुन्हा दिसणार नाही हे सांगण्याचा मोह झाला. तो म्हणाला, विकत नको. हैदराबादेत हातकामाचं प्रदर्शन भरायचं आहे, मोठमोठे लोक येतील, तिथं मांडू, म्हातारीचं नाव वाचून दाखवू आणि परत आणून देऊ. मी त्याला बसअड्ड्यावर चार माणसांदेखत विचारलं, ‘परत देणार?’ त्यानं गळ्यातल्या देवाला हात लावला.

मी दुबलगुंडीला जाऊन हे सांगितलं. पार्वतीबाई बराच वेळ कापडावर हात फिरवत बसल्या.

‘माझं नाव वाचतील?’

‘मोठ्यानं वाचतील.’

‘कुंचं? पार्वती का किसना?’

‘जे कापडावर हाय ते.’

‘तू म्हणायलीस म्हणून द्यायले,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी वरचा उजवा कोपरा दातात धरला. मी म्हटलं, माय, हे विकायला नाही, दाखवायला आहे, परत येणार आहे, कोपरा नका फाडू. त्यांनी ऐकलं नाही. नेमकी पोपटाची शेपटी त्यांच्याकडे राहिली.

‘शेपटी माझ्याकडं राहू दे,’ म्हणाल्या, ‘म्हंजी पाखरू परत येतंय. आलं की जोडून टाकीन.’

तो तुकडा त्यांनी कुंकवाच्या करंड्यात ठेवला.

पाखरू परत आलं नाही. पावसाळा गेला, तूर निघाली. शेट बीदरला दिसेना. आला तरी दुसऱ्या अड्ड्यावर उतरायचा. मी दुबलगुंडीला गेले की म्हातारी आधी माझ्या पाटीकडे बघायची, मग माझ्याकडे. विचारायची नाही. विचारायचं काम रत्ना करायची.

‘काय अक्का, प्रदर्शन अजून चालूच हाय व्हय?’

एकदा मी पाटी घरी ठेवली आणि हैदराबादची बस धरली. शेटचं दुकान चारमिनारच्या मागच्या गल्लीत. आत गेले तर भिंतीवर, काचेच्या चौकटीत, पार्वतीबाईंचं कापड. खालची पट्टी कापलेली. नाव नाही. कोपरा चौकटीच्या आत दुमडलेला, त्यामुळे पोपट शेपटीशिवाय बसलेला. एक साहेब आणि त्याची बाई समोर उभी होती आणि शेट त्यांना सांगत होता, की हे अमुक नवाबांच्या लाडक्या कन्येनं पडद्यात बसून भरलं.

मी दारातूनच म्हटलं, ‘नवाबाच्या कन्येनं तुळशीवृंदावन कामून भरलं, शेट?’

शेट दचकला, पण सावरला. ‘नवाबसाहेब बडे दिलवाले थे.’

‘अन् तिचं नाव कुठं गेलं?’

‘नाव होतं कुठं, अक्का?’

‘होतं. लाल दोऱ्यानं. कृष्णा.’

‘तुमची म्हातारी तर पार्वती,’ तो हसून साहेबाकडे वळला. ‘देखिए साहब, इनको नाम भी ठीक से मालूम नहीं.’

मी बऱ्याच जणांशी भांडले आहे, पण असा डाव कोणी टाकला नव्हता. लग्नात बाईचं नाव बदलतात हे त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोचंही बदललेलं असणार. माहीत असलेलीच गोष्ट त्यानं माझ्यावर फेकली. मी तोंड सोडलं तेव्हा गल्ली गोळा झाली. साहेब निघून गेला, तेवढं बरं झालं. निदान त्या दिवशी ते कापड विकलं गेलं नाही. शेटनं मला आत बोलावून आकडा सांगितला. मी नाही म्हटलं. त्यानं वाढवला. आयुष्यात पहिल्यांदाच समोरचा भाव वाढवत होता आणि मला त्यात काही गोडी वाटत नव्हती. मी म्हटलं, ‘कापड काढ.’ तो म्हणाला, ‘साबित करो.’

साबित करायचंच होतं. मी दुबलगुंडीला गेले आणि पार्वतीबाईंनाच घेऊन आले. रत्ना म्हणत होती, म्हातारीला बसमध्ये उलट्या होतील. झाल्याही. पण चारमिनार दिसल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि कनवटीला लावलेला तुकडा चाचपून बघितला.

दुकानात त्या सरळ भिंतीकडे गेल्या. काचेवर बोट ठेवलं. जिथं नाव होतं तिथं चौकटीचं लाकूड होतं. लाकडावरून बोट फिरवलं, जणू नाव खाली दबलेलं असेल.

‘हितं होते मी,’ म्हणाल्या.

गिरधारीशेट खुर्चीतून उठला नाही. मी म्हटलं, ‘चौकट उघड. कोपरा बाहेर काढ. यांच्याकडं शेपटी हाय. जुळली तर कापड यांचं, न जुळली तर मी पुन्हा या गल्लीत पाय ठेवणार न्हाई.’

‘कैसी शेपटी?’

त्याला हेच माहीत नव्हतं. नाव कापायची अक्कल त्याला होती, पण आमच्या बायका कोपरा का फाडतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं होतं, उंदरानं खाल्लाय. पार्वतीबाईंनी तुकडा काढून तळहातावर धरला. हिरवी शेपटी, टोकाला दोन पिवळे टाके. शेटनं एकदा तुकड्याकडे बघितलं, एकदा चौकटीकडे. त्याच्या तोंडातलं पान थांबलं. त्याला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

पण चौकट त्यानं उघडली नाही. काच फुटेल म्हणाला. आम्ही ठाण्यात गेलो. तिथले अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, भले होते. बसायला दिलं, पाणी दिलं, तुकडा हातात घेऊन बघितला आणि विचारलं, देताना काही लिहून घेतलं होतं का? मी म्हटलं, कोपरा फाडलाय ना. ते म्हणाले, बाई, कोपऱ्यावर सही नसते. आमच्याकडे त्याहून मोठी सही नव्हती हे त्यांना कसं समजावणार? ते म्हणाले, शेटला समज देतो, तुम्ही पुढच्या महिन्यात या.

पुढच्या महिन्यात गेले. अमीनसाहेबांची बदली झाली होती. नव्यांनी सांगितलं, तक्रार तुमच्या जिल्ह्यात करा. आमच्या जिल्ह्यात सांगितलं, दुकान तिकडं आहे, तिकडं करा. असं चाललं असताना हैदराबाद राज्यच मोडलं. आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, हैदराबाद आंध्रात गेलं, आणि आमच्या बाजूच्या कचेऱ्यांत मराठीत दिलेला अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणायला लागले. मला कन्नड येतं. मी कन्नडमध्येही दिला. काही झालं नाही.

दुबलगुंडीत मात्र निकाल केव्हाच लागला होता. मी वेशीत शिरले की पोरं ओरडायची, ‘बोहारीण आली, नावं झाका!’ रत्नानं मला दारात उभं केलं नाही. एका गावानं दार लावलं की शेजारची चार गावं लावतात. तिकडची फेरी मला बंद करावी लागली. सवयीनं मी हे हसत सांगते, पण माझ्या धंद्यात मला एवढी एकच जागा सोडून पळावं लागलं, आणि तीही दुसऱ्याच्या कात्रीमुळे.

पार्वतीबाईंनी मात्र मला कधी दोष दिला नाही. एकदा त्यांनी मुलाच्या हाती निरोप पाठवून मला बोलावलं. अंथरुणावर होत्या. रत्ना बाजूला झाली. म्हातारीनं करंडा उघडला आणि तो तुकडा माझ्या हातात ठेवला.

‘तू ठेव. तू भांडणारी हायस. हे घरात राहिलं तर हे लोक चुलीत घालतील.’

मी म्हटलं, ‘माय, कोपरा फाडल्याबिगर मी काही घेत न्हाई, तुम्हाला ठाऊक हाय.’

त्या हसल्या. दात नव्हते तरी छान हसल्या. ‘कोपऱ्याचा कोपरा कसा फाडू, येडे? अख्खंच ने.’

निघताना मी उंबऱ्यावरून वळून हाक मारली, ‘येते, किसनामाय.’ त्यांनी लगेच ‘ओ’ दिली. रत्ना इकडं तिकडं बघायला लागली, कोणाला हाक मारली म्हणून.

अख्ख्या धंद्यात कोपरा न फाडता घेतलेलं ते एकच कापड. ते माझ्या दुकानातल्या देव्हाऱ्यात आहे. ज्याला बघायचं असेल त्यानं आळंदला यावं. चहाही पाजीन.

मी आता हे का लिहिलं? गिरधारीशेट गेला. दुकान त्याचा मुलगा बाळकिशन चालवतो, आणि चांगलं चालवतो असं ऐकते. यंदा त्यानं दुकानाचं कॅलेंडर छापलंय. गुलबर्ग्याच्या एका कापड दुकानात मी माल बघायला गेले तर भिंतीवर ते टांगलेलं. वर मोठं रंगीत चित्र: सुरई, सुरू, तुळस, पाळणा आणि शेपटी नसलेला पोपट. खाली छापलंय, नवाब घराण्यातील कन्येचे दुर्मीळ भरतकाम, आमच्या खाजगी संग्रहातून. मी दुकानदाराला विचारून ते कॅलेंडर काढून आणलं. देव्हाऱ्यातली शेपटी त्याच्यावर ठेवून बघितली. चित्र लहान आहे, शेपटी मोठी आहे, तरी रंग तोच आहे.

तेव्हा बाळकिशनशेट, हे तुमच्यासाठी. मला पैसे नकोत, कापडही नको. ते तुमच्या भिंतीवर राहू द्या, काच चांगली आहे. मला दोन गोष्टींचा जाब पाहिजे. एक, चौकट उघडा आणि चार माणसांसमोर तो दुमडलेला कोपरा सरळ करा. शेपटी घेऊन मी येते, बसचं भाडं माझं. दुसरी, तुमच्या वडिलांनी कात्रीनं कापलेली ती लाल अक्षरांची पट्टी कुठं टाकली, ते शोधून सांगा. कोणत्या पेटीत, कोणत्या फडताळात, की कचऱ्यात? दुबलगुंडीच्या एका बाईनं जन्मात एकदाच आपलं नाव लिहिलं होतं. ते तुमच्या घरात गेलं आणि बाहेर आलं नाही. कुठं आहे ते? बोला.